वर्गात नसलेल्यांची हजेरी

माझे वडील दारव्हा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. जिल्हा परिषदा यायच्या आधी नोकरीला लागले, १९६२ साली त्या आल्या तसे जिल्हा परिषदेचे झाले आणि १९९४ च्या जूनअखेर निवृत्त झाले. गाव त्यांना मास्तर म्हणे, आम्ही बाबा. आदर्श शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला नाही. त्यासाठी आपणच आपला प्रस्ताव करावा लागतो, आणि ‘स्वतःची शिफारस स्वतः लिहाले हात वळत नाही’ असं ते म्हणत. वयाची पंच्याऐंशी ओलांडून, घरातच, झोपेत ते गेले.

मीही पुढे शिक्षिका झाले. बी.एड.च्या पुस्तकात बालमानसशास्त्र होतं, पाठ टाचण होतं, मूल्यमापन होतं. पण वर्गात उभं राहायची वेळ आली तेव्हा हाताशी आलं ते बाबांचंच. ते जसं आठवतं तसं, क्रमानं मांडते आहे.

१. हजेरी घ्यायची ती न आलेल्यांची

कापसाच्या मुलखात शाळेच्या वर्षाचे दोन भाग पडतात. दिवाळीपर्यंत वर्ग भरलेला असतो, दिवाळीनंतर अर्धा. बोंडं फुटली की पऱ्हाटी थांबत नाही. वेचणीची मजुरी वजनावर मिळते, म्हणून घरातला प्रत्येक हात कामाचा. त्यात पोरींची बोटं चपळ, त्यामुळे आधी पोरीच शाळेतून गळत.

बाबा हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करत, पण तिथं थांबत नसत. शाळा सुटली की सायकल काढायची आणि त्या पोरीच्या वावराकडे वळायचं. मी लहानपणी दांडीवर बसून त्यांच्यासोबत गेले आहे. ते वावरात शिरत नसत. धुऱ्यावर उभं राहायचे, कापसाचं विचारायचे, यंदा बोंडअळी किती आहे ते विचारायचे. मग कमरेला फडकं बांधून वेचणारी एखादी बाई स्वतःच बोले, ‘‘मास्तर, पोरगी शाळेत धाडली त येचाईचे पैसे कोन देईन जी?’’

बाबा यावर शिक्षणाचं महत्त्व सांगत नसत. ते सौदा करत. ‘‘मधल्या सुट्टीपर्यंत येचू दे. मंग पाठव. सकाळचं गणित मी दिवा लागल्यावर सांगतो.’’ बाईला हे पटायचं, कारण यात तिची मजुरी अर्धीच बुडत होती आणि मास्तर तिला मूर्ख समजत नव्हता.

पुढे सरकारही याच वाटेनं आलं. १९९२ पासून गरीब घरच्या मुलींना शाळेत आल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला आणि १९९५ नंतर नियमित येणाऱ्या मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ. बाबांना तांदूळ आवडला. रुपयाबद्दल ते म्हणाले, ‘‘ज्यानं हा आकडा ठरवला त्यानं येचाईचा भाव विचारलेला नाही.’’

वर्गातला रिकामा बाक दिसला की मी अजूनही दुसऱ्या दिवशी त्या मुलाला ‘कुठे होतास?’ असं विचारत नाही, ‘काय झालं?’ असं विचारते. पहिल्या प्रश्नाला मूल थाप मारतं. दुसऱ्याला सहसा खरं सांगतं.

२. गणित गावाच्या काट्यावर शिकवावं

बाबा नोकरीला लागले तेव्हा देशाचं मोजमाप बदलत होतं. १९५७ साली नवे पैसे आले होते, सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला होता. १९६२ पर्यंत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. कायदा झाला, पण म्हाताऱ्यांच्या डोक्यातला मण कसा जाणार? चाळीस शेरांचा एक मण म्हणजे ३७ किलो आणि वर तीनशेहून अधिक ग्रॅम. असल्या हिशोबात व्यापारी सोडून सगळ्यांचं नुकसान. संध्याकाळी लोक ओट्यावर यायचे आणि विचारायचे, ‘‘मास्तर, क्विंटलात मण किती बसते?’’

बाबांनी ओळखलं की गावाला हव्या त्या गणिताचं पुस्तक छापलेलंच नाही. मग त्यांनी काटापट्ट्या जमवायला सुरुवात केली. कापूस विकून आलेल्या माणसाकडून त्याची पट्टी मागून घ्यायची, रात्री उतरवून घ्यायची, सकाळी परत. दुसऱ्या दिवशी तीच फळ्यावर. बंडीवर एकूण वजन अमुक, बारदान तमुक, निव्वळ किती? दर क्विंटलला इतका, तर सव्वातीन क्विंटलांचे किती? हमाली वजा, तोलाई वजा, हातात काय? आकडे खरे असल्यामुळे पोरं जीव तोडून सोडवत. १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी आली. मग प्रत, प्रतीप्रमाणे दर आणि मागाहून मिळणारा चुकारा या गोष्टीही उदाहरणांत आल्या.

एकदा चौथीतल्या एका पोरानं घरी बापाची पट्टी वाचली आणि सांगितलं, यात बारदान दोनदा कापलंय. बाप बंडी जुंपून परत गेला आणि पैसे घेऊन आला. त्या पोराला पहिला नंबर कधी मिळाला नाही. पण बाबा त्याला आयुष्यभर ‘माझा सर्वांत हुशार विद्यार्थी’ म्हणत. मला वाईट वाटायचं, कारण मी त्याच वर्गात होते आणि पहिली यायचे.

३. कागद एकदाच लिहायचा असतो, म्हणून नीट लिहावा

आमच्याकडच्या पुष्कळ वडीलधाऱ्यांचा वाढदिवस १ जुलैला असतो. कारण साधं आहे. पोरगं शाळेत घालायला आणलं, बापाला जन्मतारीख ठाऊक नाही, मास्तरांनी पहिलीत बसेल अशी १ जुलै घालून दिली. खुद्द बाबांची तारीख अशीच, १ जुलै १९३६. आजी शपथेवर सांगायची की हा पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला. पण पुस्तकात १ जुलै लिहिलं होतं, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम. एका अनोळखी मास्तरच्या घाईनं बाबांची दोनेक महिन्यांची नोकरी गेली.

म्हणूनच की काय, नाव दाखल करायला कुणी आलं की ते घाई करत नसत. ‘‘पोरगं झालं तेव्हा तूर फुलावर होती का? पोळा होऊन किती दिवस झाले होते? त्या साली पाणी लवकर आलं का उशिरा?’’ जुनी पंचांगं त्यांच्या कपाटात रचून ठेवलेली असत. बाईच्या आठवणीतून आणि पंचांगातून ते तारखेपर्यंत पोचत. मग दाखलखारीज रजिस्टरात टाकानं नाव, वडिलांचं नाव, जात, गाव, तारीख. वळणदार नव्हे, पण स्वच्छ. एकसारखी दिसणारी अक्षरंही वेगळी ओळखू आली पाहिजेत, असा त्यांचा कटाक्ष.

या एका ओळीवर पुढे किती काय उभं राहतं, ते मला नोकरीत कळलं. नोकरीतलं वय, जात पडताळणी, पेन्शन, वारसाचं प्रकरण, सगळं शेवटी त्या रजिस्टरापाशी येतं. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा राज्यभरच्या शाळांतली जुनी रजिस्टरं कपाटांतून निघाली. कुठे शाई उडालेली, कुठे पानच नाही. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘‘शाई चांगली वापरायची असते.’’

४. घेतलेलं लिहून ठेवावं, दिलेलं लिहू नये

१९७७ च्या डिसेंबरात राज्यातल्या सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो ५४ दिवस चालला. बाबा संपात होते. घरात आम्ही भावंडं, आजी, आईचं बाळंतपण नुकतंच झालेलं. पगार बंद.

पहिल्या पंधरवड्यात आईनं डबे खरवडले. मग गावातून माणसं येऊ लागली. कुणी ज्वारीचं पोतं ओट्यावर टेकवून काही न बोलता जाई. कुणी तुरीची डाळ, कुणी गूळ. एका बाईनं आईसाठी डिंक आणला. बाबांनी एक पाठकोरी वही केली आणि त्यात सगळं लिहिलं. नाव, काय आणलं, किती. पुढच्या दोन हंगामांत त्यांनी ते फेडलं. धान्याला धान्य, डिंकाला डिंक. ज्यांनी परत घेतलं नाही त्यांच्या पोरांच्या वह्या-पाट्यांत ते वळतं केलं.

त्यांनी स्वतः दिलेल्या पैशांची वही मात्र घरात कुठेच सापडली नाही. परीक्षेची फी, नागपूर-अमरावतीच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराचं एसटीचं भाडं, हे त्यांनी दिलं होतं एवढं आम्हाला ते गेल्यावर घेणाऱ्यांकडूनच कळलं. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘मले ठाऊक होतं. त्या महिन्यात चहात साखर कमी पडे.’’

५. निवृत्तीनंतर माणसाचा वर्ग बदलतो, एवढंच

१५ एप्रिल १९९४ ला शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन थांबलं आणि डिझेलचं आलं. मँचेस्टरात १९२१ साली बनलेलं ते इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूरच्या नॅरोगेजवर सत्तर वर्षं धावलं होतं. दारव्हा-मोतीबाग स्टेशनात त्याची शिट्टी वाजली की आमच्या घरी घड्याळाची गरज नसे, वेळ कळायची. त्यानंतर अडीच महिन्यांनी बाबा निवृत्त झाले. ‘‘ते सत्तर वरसं राबलं, मले अठ्ठावन्नातच काढलं,’’ म्हणाले.

पण ते रिकामे बसले नाहीत. सकाळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना, मग डबा घेऊन तहसीलच्या बाजूला झाडाखाली. लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. फेरफार, रेशनकार्ड, निराधार योजना. पैसे घेत नसत. फार आग्रह केला तर चहा.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं आली. यवतमाळ जिल्ह्यानं हे याआधीही पाहिलं होतं. १९८६ च्या १९ मार्चला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको-मुलांसह जीवन संपवलं होतं. पण दोन हजार सालानंतर हे प्रकार नित्याचे झाले. सरकारनं कुटुंबाला एक लाख रुपये मदत ठरवली, त्यातले थोडे हातात आणि बाकीचे ठेवीत. मात्र प्रकरण ‘पात्र’ ठरलं तर. कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता की नव्हता, सातबारा कुणाच्या नावावर, याचे कागद लागत. विनापरवाना सावकाराच्या कर्जाला कागद कुठून आणणार?

बाबा हे अर्ज लिहू लागले. मेलेल्यांत काही त्यांचे विद्यार्थी होते. ज्या नावांची हजेरी त्यांनी वर्षानुवर्षं मांडली, तीच नावं आता ‘मयत’ या रकान्यात लिहायची. एका संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले आणि जेवले नाहीत. आईनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डबा घेऊन गेले.

अशा घरी जायची त्यांची रीत मी लक्षात ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात ते जात नसत. तेव्हा पुढारी येतात, फोटोवाले येतात, नातेवाईक असतात. ते महिन्या-दीड महिन्यानं जात, जेव्हा अंगणात कुणी नसतं. गेल्यावर सांत्वन करत नसत. पहिला प्रश्न, ‘‘पोरगं शाळेत जाते का?’’ जात नसेल तर त्याच आठवड्यात हेडमास्तरांकडे. त्या विधवा बाईच्या पुढ्यात दुःख होतं आणि कागद होते. दुःखाचं त्यांना काही करता येत नव्हतं. कागदांचं येत होतं.

६. म्हाताऱ्या माणसाला आरामापेक्षा काम द्या

पंच्याहत्तरीनंतर आम्ही भावंडांनी ठरवलं की बाबांना आता काही करू द्यायचं नाही. महिनाभरात ते खंगले. आईनंच उपाय काढला. रोज सकाळी वाटीभर मटकी किंवा तांदूळ निवडायला द्यायची, आणि शेजारच्या पोरांना पाढे म्हणून घ्यायला ओट्यावर बसवायचं. ते पुन्हा उभे राहिले.

पुढे विस्मरण सुरू झालं. डॉक्टरांनी वयाचा आजार आहे, उलटणारा नाही, हे स्वच्छ सांगितलं, ते बरं झालं. घरात आशा लावून बसायचं कारण उरलं नाही. बाबा पहाटे उठून हजेरी घेऊ लागले. नावं पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. सुरुवातीला भाऊ त्यांना समजावायचा, ‘बाबा, शाळा नाही आता, तुम्ही रिटायर झाले.’ त्यावर ते घाबरे व्हायचे. मग आम्ही उत्तर द्यायला लागलो. ‘‘हजर, गुरुजी.’’ एखादं नाव कुणीच घेतलं नाही की ते थांबत आणि विचारत, ‘‘काहून नाही आली? वेचाले गेली का?’’ ‘‘हाव जी,’’ म्हटलं की समाधान. खरं सांगून त्यांना रोज नव्यानं निवृत्त करण्यात काय हशील होतं?

एक व्यवहाराची गोष्ट. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला लागतो. म्हातारपणी बोटांचे ठसे पुसट होतात, यंत्र ते घेत नाही, आणि जिवंत माणूस रांगेत उभा राहून जिवंत असल्याचं सिद्ध करू शकत नाही. आमचं असं झालं. २०१४ पासून हा दाखला डिजिटल झाला आहे आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. घरी वयस्कर पेन्शनर असेल तर दिवाळीच्या सुट्टीत हे काम उरकून घ्यावं.

७. आठवणी गाळून घेऊ नयेत

बाबा गेल्यावर दहा-बारा दिवस माणसं येत राहिली. आम्ही तेरवीचा थाट केला नाही, अंगणात सामुदायिक प्रार्थना ठेवली. बहुतेक जण चांगलं बोलले. एक साठीचा माणूस कोपऱ्यात बसून होता. शेवटी तो म्हणाला, ‘‘मले मास्तरनं लय मारलं. पाठीवर वळ होते. मी शाळा सोडली ती त्याच्यानं.’’ अंगण गप्प झालं. भावाचा चेहरा बदलला.

मी त्यांना चहा दिला आणि आणखी विचारलं. छडीचा तो काळ होता, हे खरं. छडीवर बंदी पुष्कळ नंतर आली, हेही खरं. पण ज्याच्या पाठीवर वळ उठले त्याला काळाचं कारण देऊन उपयोग नसतो. ते म्हणाले की पुढे मास्तर दोनदा घरी आले होते, पण त्यांनी दार उघडलं नाही. म्हणजे बाबा त्यांच्याही दारापर्यंत गेले होते. दार उघडलं नाही, ही त्या मुलाची मर्जी, आणि ती बरोबर होती.

आम्ही घरच्यांनी बाबांची एक स्मरणवही केली आहे. लोकांनी सांगितलेलं त्यात भाऊ लिहितो. ही आठवणही लिहिली आहे, त्या माणसाला विचारून, त्याच्याच शब्दांत.

८. स्मृतिप्रीत्यर्थ काय करावं

वडील शिक्षक असले की त्यांच्या मागे शाळेत पहिल्या येणाऱ्याला बक्षीस ठेवायची पद्धत आहे. भावानं तेच सुचवलं. पण पहिल्या येणाऱ्याकडे बघायला सगळी शाळा असते. पहिल्या येणाऱ्यांत मीही होते. बाबांची नजर तिकडे कधी नव्हती.

म्हणून आम्ही दिवाळी ते संक्रांत, म्हणजे वेचणीच्या ऐन दिवसांत, घराच्या ओट्यावर संध्याकाळचा वर्ग चालवतो. दिवसा वावरात गेलेल्या पोरांसाठी. डी.एड. झालेली गावातलीच एक मुलगी शिकवते. तिचं मानधन, दोन बल्ब, वह्या आणि शेंगदाण्याचे लाडू, एवढाच खर्च, आणि तो बाबांच्या मागे आईला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनातून होतो. हे आईनंच ठरवलं. आता सोयाबीन आलं, बीटी आली, काही वावरांत मजूरही बाहेरून येतात, आणि तरीही दिवाळीनंतर वर्ग अर्धे होतातच.

त्या मुलीला आम्ही एकच अट घातली आहे. आलेल्यांना शिकवून झालं की न आलेल्यांची नावं आईला सांगायची. आई सकाळी काठी घेऊन निघते.